न जळणारी वात

सेलू,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय वेणू,

आईचं पत्र, तेही हातानं लिहिलेलं, बघून तू घाबरली असशील. तुझे अप्पा अजून आहेत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. मी दुकानात गादीवर बसून लिहितेय. घरात फोनवर बोललं की शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जातं, आणि तू फोनवर मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढा एक फायदा आईला घेऊ दे. हल्ली दुकान मीच उघडते. अस्तराचं कापड घ्यायला आलेल्या बाया अप्पांची तब्येत विचारतात, सुधारतेय असं मी सांगते आणि कापड फाडून देते. इतकं सराईतपणे खोटं बोलता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुलाही मी पूर्ण सांगितलेलं नाही. छातीत पाणी झालं, परभणीला काढलं, पुन्हा भरलं, एवढंच तुला माहीत आहे. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा साधी तपासणी आहे असं मी तुला म्हणाले होते. तिथं तुकडा काढून तपासला. फुप्फुसाच्या बाहेरून जो पडदा असतो त्याचा कर्करोग आहे. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, तुला येतं. तुमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी ते फळ्यावर लिहितात असं तू एकदा सांगितलं होतंस. कापून काढण्यासारखं काही नाही, औषधानं थोडे दिवस पुढं ढकलता येतील, असं डॉक्टर म्हणाले. आता माझा जीव दोन गोष्टींत अडकलाय. तुझ्या आजोबांचा तो दोर मला घराबाहेर काढायचाय, आणि तो का काढायचा हे आजीला कळता कामा नये. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते मला सुचत नाही. रोज सकाळी नवी युक्ती घेऊन उठते आणि दुपारपर्यंत ती फसलेली असते.

दिवाळीचं पुन्हा काढतेय म्हणून रागावू नकोस. तू आलीस तो दिवस किती छान चालला होता. मुंबईच्या जुन्या कचेऱ्यांमध्ये शिरायचं आणि छताच्या वर, पाइपांच्या गुंडाळीत, लिफ्टच्या खोलीत अॅस्बेस्टॉस कुठं दडलंय ते शोधायचं, ही कसली नोकरी म्हणून आजी तुला चिडवत होती. आमची पोरगी म्हणे लोकांच्या भिंती हुंगत फिरते. तूही हसत हसत आपल्याच घराची तपासणी मांडलीस. मागच्या पडवीचे सिमेंटचे पत्रे स्टुलावर चढून निरखलेस आणि म्हणालीस, आहेत त्याच जातीचे, पण धड आहेत. रंग देऊन ठेवा, भोकं पाडू नका, घासू नका, वर्षातून एकदा बघत जा. अप्पांनी विचारलं, वाईट आहेत तर काढून का टाकायचे नाहीत. तेव्हा तू जे सांगितलंस ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. जे धड आहे, झाकलेलं आहे, त्याला हात न लावणं बरं. फोडलं की खरा त्रास सुरू होतो. ज्याचा भुगा होतोय ते मात्र तसंच ठेवायचं नाही. एवढं बोलून तू हात धुवून देवघरात गेलीस, दिव्याला नमस्कार करायला.

ती वात तू जन्मापासून बघत होतीस, तरी तुला ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. आम्हाला कुणालाच तिचं नवल वाटेनासं झालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मात्र मला वाटलं होतं, आणि आजीनं मला तिची सगळी कहाणी कौतुकानं सांगितली होती. ती नवी सून असताना तिचा नंदादीप विझायचा. पहाटे उठून बघावं तर वात जळून गेलेली, आणि सासू दिवसभर घालून पाडून बोलणार. नागप्पा आजोबा तेव्हा गावातल्या जुन्या जिनिंगमध्ये बॉयलरवर होते. बॉयलरच्या दाराला वाफ निसटू नये म्हणून पांढरा दोर बसवत, तो आगीतही जळत नसे. त्याचा उरलेला तुकडा त्यांनी धोतराच्या सोग्यात लपवून घरी आणला आणि काही न बोलता बायकोच्या हातात दिला. सेलूसारख्या कापसाच्या गावात, जिथं हंगामात कापूस रस्त्यानं उडत असतो, तिथं त्यांनी आपल्या बायकोला न जळणारी वात आणून दिली. त्या दिवसापासून दिवा विझला नाही आणि सासूचं तोंडही बंद झालं. पुढं बॉयलर मोडीत निघाला तेव्हा त्यांनी दोराचं आख्खं वेटोळंच आणलं. आजी म्हणायची, मी न मागता ह्यांनी आयुष्यात एवढी एकच वस्तू आणली. हे सांगताना ती अजूनही लाजते, तू बघितलं आहेस.

आणि सोमवारचा तो सोहळा. काजळी धरलेली वात निखाऱ्यावर ठेवायची, ती लाल व्हायची, मग पांढरीशुभ्र. आजी म्हणायची, वात अंघोळ करून आली. मग दोराचा नवा तुकडा पिंजून, बोटांनी तंतू सोडवून ती जाड करायची. तुझे अप्पा लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ते तंतू ओढत असत. खिडकीतून ऊन आलं की त्यात पांढरं काहीतरी तरंगायचं, त्यावर ते फुंकर मारत आणि मायलेक हसत. निखाऱ्यावर उरलेली पांढरी भुकटी वाया कशी घालवायची, दिव्याची आहे ती, म्हणून आजी ती भस्माच्या डबीत मिसळायची. रोज लिंगपूजा झाली की तेच भस्म घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला लागायचं. कुणाला सर्दी-पडसं झालं, की तीच चिमूट मंत्र म्हणून तोंडावरून फुंकायची. गल्लीतल्या लेकरांनाही आजीच्या अंगाऱ्याचा गुण यायचा. यात कुणाचं काय चुकलं, मला सांग. मी रात्रंदिवस शोधतेय, मला एकही माणूस असा सापडत नाही ज्याच्यावर रागावता येईल.

तू मात्र त्या दिवशी रागावलीस. पदर नाकाला लावून आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलंस, फडकं ओलं करून पेटत्या दिव्यावर दाबलंस, दोराचा तुकडा पिशवीत घालून ती पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत घातलीस. तिथपर्यंतही निभावलं असतं. पण आजीनं विचारलं आणि तू तिच्या तोंडावर सांगितलंस की हिचे तंतू श्वासातून छातीत जातात, ही वात माणसं मारते. तुझा स्वभावच तो. तुझ्या साहेबांनी एका इमारतीचा अहवाल जरा मऊ लिहायला सांगितला होता तेव्हाही तू ऐकलं नव्हतंस, आणि मी ते गल्लीभर अभिमानानं सांगितलं होतं. आजी म्हणाली, "आख्खा जल्म हीच वात वळली मी, मला काय झालं? ह्यांनी दिलेला दिवा नातीनं विझवला." ती जेवली नाही. आणि ज्या अप्पांनी तुला कधी एका शब्दानं झिडकारलं नाही, त्यांनी तुला जा म्हणून सांगितलं. तू अनारशाच्या डब्याला हातही न लावता स्टेशनवर निघून गेलीस. त्याच संध्याकाळी अप्पांनी आजीच्या पेटीतला नवा तुकडा काढून स्वतःच्या हातानं दिवा लावला, कारण त्याशिवाय त्यांची आई घास घेत नव्हती. नंतर दोर अॅस्बेस्टॉसचाच आहे हा तपासणीचा निकाल तू मला फोनवर कळवलास, मी त्यांना सांगितला, तर म्हणाले, आई किती दिवसांची सोबती आहे, ती गेल्यावर शांतपणे काढू. आई आधी जाणार असं आम्ही गृहीत धरलं होतं.

संभाजीनगरला डॉक्टरांनी त्यांना विचारलं, पत्र्याच्या कारखान्यात होता का, जहाजावर, बॉयलरवर, कुठं काम केलंय का. अप्पा म्हणाले, आमचं कापडाचं दुकान. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी टेबलाखाली माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बाहेर बाकावर बसून त्यांनी धाप जिरू दिली. मग म्हणाले, "अनुपमा, मी जायलोय ते जायलोय. माझ्या मायला हे कळू द्यायचं न्हाई. ती माझ्यामागं राहणार हाय, तिनं हे उरावर घेऊन राहायचं न्हाई." मी त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला. दुसरं काय करणार होते? मी नंतर एकटीच डॉक्टरांकडं परत जाऊन खरं सांगून आले. ते म्हणाले, आता औषधात त्यानं फरक पडत नाही. एवढंच एक समाधान, की लपवल्यानं त्यांचा इलाज तरी बिघडलेला नाही.

आणि घरी काय चाललंय ते ऐक. मुलाला बरं वाटावं म्हणून आजीनं नवस केला आहे. एका वातीच्या जागी पाच वाती. अप्पांची कॉट आम्ही बाहेरच्या खोलीत वाऱ्याला ठेवलीय, आजी त्यांच्या उशाशी पाटावर बसून दोर पिंजते. अप्पांचे दिवस भरत आलेत तसे तिचे हात जास्तच झपाट्यानं चालतात. त्यांना खोकल्याची ढास लागली की ती आणखी पिंजते. आणि अप्पा तिच्याकडं बघत पडून राहतात. एकदा तर मी आत आले तेव्हा ते हात लांब करून तिला तंतू सोडवायला मदत करत होते, लहानपणी करायचे तसे. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकवून उभी राहिले. मला किंचाळायचं होतं, वेणू. आवाज बाहेर येऊ नये म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. ओलं असलं की उडत नाही, हे तुझं ऐकलेलं होतं, म्हणून तिच्या नकळत दोरावर पाणी शिंपडत राहिले. आजी म्हणाली, छतातून कुठंतरी गळायलंय, वात चरचर करायलीय. एप्रिलच्या उन्हात छत गळतंय. पुढं मी दिव्यात कापसाच्या वाती बदलून ठेवल्या, राख चोळून जरा खरखरीत करून. त्या जळून गेल्या, दिवा विझला, आणि मुलगा अंथरुणावर असताना दिवा विझला म्हणून आजीनं दिवसभर हंबरडा फोडला. ते ऐकून अप्पांची धाप इतकी वाढली की ऑक्सिजन लावावा लागला. वेटोळं पळवावं म्हटलं, तर ते तिच्या कॉटखालच्या पेटीत, आजोबांच्या टोपीखाली आहे आणि किल्ली तिच्या गळ्यात. एकच डाव साधला. भस्माची डबी मी बदलली. मठातून साध्या शेणाच्या राखेचं भस्म आणून भरलं, आणि जुनी डबी ओल्या फडक्यात बांधून, पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीय, तुझ्यासाठी. शेजारची कडूबाई नातीला घेऊन अंगाऱ्याला येते, तेव्हा निदान त्या पोरीच्या तोंडावर राखच फुंकली जाते. आजीला फरक कळला नाही, की तिनं कळू दिलं नाही, मला सांगता यायचं नाही.

ती डबी बांधताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू लहानपणी किती आजारी असायचीस. बारा महिने नाक वाहायचं. आजी तुला मांडीवर घेऊन फुंकर मारायची आणि मीच तुझं तोंड वर धरून द्यायची. दिवाळीला दिव्यावर फडकं दाबताना तुला हे आठवलं असणारच. तू अप्पांबद्दल बोललीस, माझ्याबद्दल, आजीबद्दल, गल्लीतल्या लेकरांबद्दल. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. तू उर्मटपणे बोललीस असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. पिशवीची गाठ तुला दोनदा मारावी लागली ते मी बघितलं होतं, आणि मला वाटलं, रागानं. तू वेळोवेळी तपासून घेतेस ना? मला खोटं सांगू नकोस, असं लिहिणार होते. पण पुढं मी तुझ्याकडं जे मागणार आहे त्यानंतर ते लिहायला मला तोंड उरणार नाही.

परवा सोमवार होता. मी पाणी भरून आत आले तर देवघरात अंधार. आजी पाटावर बसलेली, आणि पाचही वातींवर ओलं फडकं दाबून धरलेलं. तू दाबलं होतंस अगदी तसंच. तिनं मला समोर बसवलं. अप्पांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "वेणू त्या वातीबद्दल म्हणली ते खरं हाय का? माझ्या पोराला माझ्या हातानं झालं का हे?" मी अप्पांना दिलेला शब्द आठवून नाही म्हणाले. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. म्हणाली, "तू न्हाईच म्हणणार. त्यो बी न्हाईच म्हणणार. वेणूला बोलीव. ती खोटं बोलत न्हाई. ती म्हणंल ते मी धरीन. पेटी तिच्या हवाली करते, खरं असू नायतर नसू." किल्ली तिनं गळ्यातून काढून देवापुढं ठेवलीय. दिवा तेव्हापासून विझलेलाच आहे आणि ती उशाशी रिकाम्या हातानं बसलेली असते. अप्पांना कळत नाही पिंजणं का थांबलं, ते माझ्याकडं बघतात.

म्हणून हे पत्र, वेणू. मिळाल्याबरोबर देवगिरी एक्सप्रेसनं निघ. दोर तुझ्या पद्धतीनं भिजव, बांध, ने. त्यात मी अक्षरानं बोलणार नाही. पण त्याआधी आजीसमोर बस, तिचे हात हातात घे आणि सांग की त्या दिवशी तुझी चूक झाली, तपासणीत काही निघालं नाही, अप्पांचा आजार वेगळा आहे. तू म्हणशील, आई, तिला कळलंय. असेल. मलाही तसंच वाटतं. पण जे कळलंय ते तिच्या आत अजून झाकलेलं आहे, आणि ते फोडलं तर काय होतं हे तूच आम्हाला पडवीत स्टुलावर उभी राहून शिकवलंस. तुझ्या अप्पांना त्यांच्या आईच्या मांडीजवळ शांतपणे जाऊ दे, आणि तिला त्यांच्यामागं स्वतःचे हात निर्दोष मानून जगू दे. माझं खोटं तिनं एका नजरेत ओळखलं. तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस, म्हणून फक्त तुझंच चालेल. एकदाच बोल.

तुझीच,
आई